लोणंदवालीचं रान

शेतीची पदवी घेऊन मी वडूजला नोकरीवर हजर झाले, तोवर मी आयुष्यात एकही पात खुरपलेली नव्हती. हे मी तिथं कुणाला सांगितलं नाही. सांगलीत विश्रामबागेत आमचं घर. वडील एका कॉलेजात कारकून, आई घरी शिवणकाम करायची. अंगणात एक पेरू आणि कर्दळीचं बेट, एवढीच आमची शेती. डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले म्हणून शेतकी कॉलेजात नाव घातलं. कॉलेजच्या प्लॉटवर नांगर धरायला गडी असत, खुरपायला बायका असत. आम्ही बांधावर उभं राहून वह्या भरायचो. त्या वह्यांच्या जोरावर मला नोकरी मिळाली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी खटावच्या कोरडवाहू मुलखात लोकांना शेती शिकवायला निघाले.

माझ्याकडं पाच गावं होती. त्यातलं एक वडूजपासून एसटीनं अर्धा तास आणि पुढं दोन मैल चालत. त्या गावात घराआड एक माणूस फौजेत. म्हातारी माणसं थकलेली, कर्ते पुरुष सरहद्दीवर, त्यामुळं रानं सुनांच्या अंगावर पडलेली. ज्या बायका नव्यानंच शेती बघू लागल्या होत्या त्यांच्यासाठी एक वर्ग घ्यायचं ठरलं. दर बुधवारी दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात. पहिल्या दिवशी अकराजणी आल्या. पदर सावरत, एकमेकींना कोपरानं ढोसत, हसत बसल्या.

त्यातली एक माझ्याच वयाची. तिचं माहेर लोणंदचं, म्हणून गाव तिला लोणंदवालीच म्हणायचं. वडील तिथल्या कांदा बाजारात हमाल, स्टेशनच्या मागं दोन खोल्यांचं घर. गाडी आली की ताटं वाढायची, गाडी गेली की दिवे लावायचे, अशा घरात ती वाढलेली. नवरा फौजेत. सासू लग्नाआधीच गेलेली. घरात सासरा आणि ती, दोघंच. थोरला दीर वेगळा राहायचा आणि इतकी वर्षं यांच्या वाटणीचं दोन एकर रान तोच वाट्यानं करायचा. त्या वर्षी तिनं सासऱ्याकडं हट्ट धरला की आपलं रान आपण करायचं. शेवटी सासरा म्हणाला, "एक साल करून बग. न्हाई जमलं तर परत थोरल्याकडं दिऊ."

हे सगळं तिनं मला पहिल्याच बुधवारी, वर्ग संपल्यावर, शाळेच्या पायरीवर सांगितलं. तिच्याकडं चाळीस पानी वही होती. बाकीच्या ऐकायच्या, ही लिहून घ्यायची.

मी शिकवायचे ते अगदी मुळातलं. नांगरट आणि त्यानंतरची कुळवाची पाळी उताराला आडवी घालायची, म्हणजे पाणी रानातच थांबतं. शेणखत पुरतं कुजल्याशिवाय टाकायचं नाही, नाहीतर मुळं खाणारी हुमणी अळी आणि तण दोन्ही घरी बोलावल्यासारखं. ज्वारीचं बी चार बोटांपेक्षा खोल घालायचं नाही. आणि पेरणीआधी बी तपासायचं: शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यावर ओळीनं मांडायचे, पोतं गुंडाळायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवड्यानं उलगडून किती उगवले ते मोजायचे. हे सगळं मी वहीत उतरवलेलं होतं. माझ्या तोंडून ते जसंच्या तसं बाहेर पडायचं. पण लोणंदवाली पुढच्या बुधवारी येऊन सांगायची,

"म्याडम, तुमी सांगितल्यावाणी आडवी पाळी घातली बगा. दीर हसला. म्हनला, लोणंदवाली रान विंचरतीया. पर परवाची सर आली ती समदी रानातच जिरली. त्याच्या रानातनं पाणी वड्याला गेलं."

तिचं ते सांगणं ऐकून मला जे वाटायचं ते आनंदापेक्षाही सुटकेसारखं होतं. वहीतलं खरं होत होतं. मी खोटी नव्हते.

एकदा तिनं मला घरी नेलं. सासरा ओट्यावर बसला होता, उन्हानं रापलेला, डोळे बारीक करून बघणारा. त्यांच्याकडं घरचं बी होतं. दरवर्षी काढणीआधी रानात फिरून निवडलेली कणसं, त्यांचे दाणे राखेत घालून मडक्यात ठेवलेले. मी त्यांना सुधारित वाणाचं सांगितलं. दाणा भरीव, कणीस मोठं. प्रात्यक्षिकासाठी मी स्वतः बी आणणार आहे, म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं.

"बाय, तुमी शिकल्याली मानसं. पर बी घरचं बरं. त्याला आपलं रान ठावं असतंय."

मी हसले. मला ते म्हाताऱ्या माणसाचं गोड बोलणं वाटलं. निघताना मी लोणंदवालीला हळूच म्हणाले, "ते मडकं उगीच अडवून ठेवू नकोस. दळून टाक. यंदा बी माझ्याकडचं."

तिनं दळलं. कुळवाला आलेल्या माणसांच्या भाकरीला ते पीठ गेलं.

बियाण्याच्या चार-चार किलोच्या कापडी पिशव्या ऑगस्टच्या शेवटी आल्या. ठेवायला जागा म्हणून शाळेच्या मागची एक कौलारू खोली मिळाली होती, किल्ली माझ्याकडं. गौरी-गणपतीला मी सांगलीला गेले आणि दोन दिवसांची सुट्टी पाचवर नेली. परत आले तर मधे पाऊस होऊन गेला होता. कोपऱ्यातलं एक कौल सरकलं होतं आणि त्याच्याखालच्या दोन पिशव्या भिजून फुगल्या होत्या. बाकीच्या कोरड्या.

मी त्या दोन पिशव्या उसवल्या. वरचे दाणे टपोरे झाले होते, काहींना बारीक पांढरा कोंब दिसत होता. ते मी वेचून टाकले. उरलेलं बी शाळेच्या अंगणात पोत्यावर पसरून दोन दिवस उन्हात वाळवलं. वाळल्यावर ते चांगलं दिसायला लागलं. मोत्यासारखं, हातातून खळखळणारं. पिशव्यांवर मात्र पाण्याचा पिवळट डाग राहिला. मी ते बी दुसऱ्या स्वच्छ पिशव्यांत भरलं आणि डागाळलेल्या पिशव्या खोलीवर नेऊन खाटेखाली टाकल्या.

कुणाला सांगायचं असं मनात आलं नाही असं नाही. आलं. पण सांगितलं असतं तर पाच दिवस मी कुठं होते हा प्रश्न आला असता.

त्याच बुधवारी वर्गात आम्ही उगवण तपासायचा पाठ केला. बायकांनी घरून मूठमूठ ज्वारी आणली होती. लोणंदवालीनं सगळ्यांच्या आधी शंभर दाणे मोजून मांडले आणि पोतं गुंडाळता गुंडाळता विचारलं,

"म्याडम, तुमी आणल्याल्या बियाची बी अशीच तपासनी करायची व्हय?"

"त्याची झालेली असते," मी म्हणाले. "पिशवीवर चिठ्ठी असते की."

तिनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं.

सप्टेंबरच्या अखेरीला चांगला पाऊस झाला आणि चार दिवसांनी रानांना वापसा आला. वापसा म्हणजे माती मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि बोटानं ढोसली तर फुटावा, इतकीच ओल. रब्बीच्या ज्वारीला तेच हवं असतं आणि ते फार दिवस टिकत नाही. दोन दिवसांत सगळ्या गावाला पेरायचं होतं. सकाळपासून खोलीपुढं बायका उभ्या. उगवण तपासायला आठवडा हवा, तो आता कुठून आणायचा? मी एकेकीला पिशव्या देत गेले.

त्या दोन पिशव्या मी लोणंदवालीला दिल्या.

हे लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा थांबला नव्हता. बाकीच्यांपैकी कुणी पिशवी उलटसुलट करून बघितली असती, चिठ्ठी कुठाय म्हणून विचारलं असतं, घरच्या पुरुषाला दाखवली असती. ती विचारणार नाही, हे मला माहीत होतं. तिचं रानही नेमकं दोन एकर, पिशव्याही दोन. मी मनाशी म्हणाले, चांगलं वाळवलंय, उगवेल.

पेरणीला मी तिच्या रानात होते. शेजाऱ्याची बैलजोडी आणि पेरायची पाभर सांगून आणली होती. पाभरीच्या चाड्यावर, म्हणजे ज्या लाकडी वाटीतून बी नळ्यांत उतरतं तिथं, लोणंदवाली मूठ धरणार होती. बोटांच्या फटीतून बी सारखं, एका धारेनं सुटावं लागतं. दाट सुटलं तर दाटी, थांबलं तर रानात खाडे. ती आठ दिवस परड्यात कोरडी वाळू मुठीत घेऊन चालायचा सराव करत होती, हे मला शेजाऱ्यानं सांगितलं. तो बैलांवर होता. पहिली दोन तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, झाल्यावर त्यानं मागं वळून बघितलं आणि म्हणाला, "लोणंदवाले, जमतंय की गं!" ती हसली नाही. ओठ घट्ट मिटून, मुठीकडं बघत ती पाभरीमागं चालत राहिली. संध्याकाळपर्यंत दोन एकर पेरून झालं. तिनं मला बांधावर बसवून भाकरी आणि करडईच्या तेलातली चटणी खायला घातली.

पुढच्या बुधवारी ती वर्गाला आली नाही.

बाकीच्या बायका खुशीत होत्या. कुणाचं पाचव्या दिवशी दिसलं, कुणाचं सहाव्या. मी लोणंदवालीचं विचारलं तर दोघीतिघी एकमेकींकडं बघून हसल्या.

"तिचं उगावलंच न्हाई, म्याडम. लय खोल घातलंन."

"रेल्वेच्या गावची ती. तिला काय ठावं पाभर."

वर्ग अर्धवट टाकून मी तिच्या रानाकडं गेले. शेजारच्या रानांत हिरव्या रेघा ओढल्यासारखी ज्वारी वर आली होती. मधलं तिचं रान तांबूस-काळं, मोकळं. कुठंतरी एखादा कोंब, पुढं चार हात काही नाही, मग पुन्हा एखादा. ती एका तासाशी उकिडवी बसून बोटांनी माती उकरत होती. मला बघून उठली. तिच्या हातावर तीन-चार दाणे होते. काळपट, मऊ पडलेले.

"म्याडम, बगा की. बी लय खोल पडलं का? माझंच चुकलं न्हवं?"

मी ते दाणे हातात घेतले. दाबले तर आतून पांढरं पाणी आलं. सडलेलं बी कसं असतं ते मला वहीतूनही माहीत होतं. तिला सांगायला 'बी सडकं होतं' एवढं एकच वाक्य पुरेसं होतं. मी म्हणाले,

"थोडं खोल गेलं असेल. पहिल्यांदा होतं असं."

तिनं मान खाली घातली. "व्हय," ती म्हणाली. "मला वाटलंच."

मी तिथून निघाले. दुसऱ्या दिवशी पेरणीचा अहवाल द्यायचा होता. त्यात मी लिहिलं: एका ठिकाणी उगवण विरळ; कारण, पेरणीची खोली जास्त. खाली सही केली.

त्यानंतरचे आठ दिवस मला नीट आठवतात. वडूजमधली माझी खोली एका शिंप्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर होती. खाटेखालून मी त्या डागाळलेल्या पिशव्या काढल्या. शिवणीत आणि कोपऱ्यात मूठभर दाणे अडकून राहिले होते. त्यातले शंभर मोजले, ओल्या गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळले आणि खिडकीत ठेवले. रोज सकाळी कामाला निघताना पाणी शिंपडायचे आणि उलगडून बघायचा मोह टाळायचे. खरं तर उत्तर मला माहीत होतं. तरी मी आठवडाभर वाट बघत राहिले, कारण तेवढे दिवस काही करावं लागत नव्हतं.

मधल्या बुधवारचा वर्ग मी बुडवला, पण गावाकडून जे कानावर यायचं ते वाईट होतं. थोरला दीर रोज बांधावर येऊन उभा राहतो. नुसता रान बघून जातो. सासऱ्यानं सुनेशी बोलणं टाकलंय. पाणवठ्यावर बायका लोणंदवालीला विचारतात, "बी कुठवर घातलंस गं, पाताळात व्हय?" ती घागर भरून निघून जाते.

सातव्या दिवशी मी गोणपाट उलगडलं. शंभरातले चोवीस उगवले होते. बाकीच्यांवर राखाडी बुरशी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी गावात गेले. सासरा ओट्यावर अंबाडीच्या वाखाचा दोर वळत होता. लोणंदवाली आत चुलीपाशी होती. मी तिला बाहेर बोलावलं आणि दोघांसमोर उभी राहून सगळं सांगितलं. सुट्टी, कौल, भिजलेल्या पिशव्या, वाळवणं, दुसऱ्या पिशवीत भरणं. अहवालात काय लिहिलं तेसुद्धा. बोलताना मी म्हाताऱ्याकडंच बघत होते; तिच्याकडं बघवत नव्हतं.

म्हाताऱ्याचे हात थांबले. त्यांनी दोर मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता हे घरच्या बियाचं बोलणार. ते बोलले नाहीत. तीच बोलली.

"बी गेलं ते गेलं, म्याडम. पावसानं बिगाडलं म्हना. पर आठ दिस?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आठ दिस मी काय केलं म्हाईत हाय का तुमाला? काडीवर चार बोटांची खूण केली आन् परत्येक तास उकरून मोजला. सकाळी जायची, दिस मावळंस्तवर मोजायची. चार बोटांच्या वर कुठंच न्हवतं. तवा मला वाटलं, माझी बोटंच वाकडी असतील. माझं मोजायचंच चुकतंय."

मी म्हणाले, "माझं चुकलं."

"तुमाला ठावं हुतं. रानात हुबं ऱ्हाऊन, दानं हातात घिऊन, तुमाला ठावं हुतं."

ती आत गेली. चुलीतलं लाकूड ओढून विझवल्याचा वास आला. मग म्हातारा काठी घेऊन उठला.

"चला," ते म्हणाले. "रानात वल किती ऱ्हायलीय, ते बगू आदी."

गेल्या काढणीपासून ते रानापर्यंत चालत गेले नव्हते. आम्ही तिघं गेलो. ते पुढं, लोणंदवाली त्यांच्या मागं, मी सगळ्यात शेवटी. तीन ठिकाणी बसून त्यांनी हातानं माती उकरली. वर कोरडी, पण वीतभर खाली थंड लागत होती.

"जुंधळ्याचा वकूत गेला," ते सुनेला म्हणाले. त्या दिवसांत पहिल्यांदाच ते तिच्याशी बोलत होते. "आता पेरला तर थंडीत आन् कोरड्यात सापडंल. करडी हुईल. वल धरल्याल्या तुकड्यात हरबरा. थोरल्याकडं करडीचं बी असंल, मी मागतो."

"आदी तपासायचं," ती म्हणाली.

"आगं, वल सरंल तवर."

"सरू द्या, मामंजी. न तपासता मी मूठ धरनार न्हाई."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं आणि मान डोलावली. थोरल्या मुलाकडं ते स्वतः गेले. तिनं करडईचे आणि हरभऱ्याचे दाणे मोजून पोत्यात घातले, उबेला चुलीजवळ ठेवले आणि पाच दिवस थांबली. ओल तेवढी खाली गेली. पण त्या पाच दिवसांत तिनं रानाला कुळवाची एक पाळी घातली, वरची माती भुसभुशीत करून खालची ओल झाकली. हे मीच एका बुधवारी शिकवलं होतं. ती ते माझ्याशिवाय करत होती.

पेरणीच्या दिवशी मी न बोलावता गेले. शेजारी बैल जुंपत होता. मी विचारलं, "मी काय करू?"

"तुमाला काय येतंय?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच माहीत नव्हतं.

"काही येत नाही," मी म्हणाले.

तिनं एक पाटी पुढं सरकवली आणि पाभरीच्या वाटेतले दगड-धसकटं वेचायला सांगितली. दुपारपर्यंत माझ्या बोटांची सालं निघाली. कुणी थांब म्हणालं नाही आणि मीही थांबले नाही.

कार्यालयात मी आधीचा अहवाल चुकीचा असल्याचं लेखी दिलं. मला मेमो मिळाला, तो योग्यच होता. पुढच्या बुधवारी वर्गात मी सगळ्यांसमोर झालेला प्रकार सांगितला. मला वाटलं होतं, निदान लोणंदवालीवरचं बालंट तरी जाईल. बायकांनी ऐकून घेतलं. त्यांतली एक वयस्कर बाई, मला धीर द्यावा तसं म्हणाली, "लय मायाळू हायसा तुमी, म्याडम. तिचं झाकाया आपल्या अंगावर घेताय." मी पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितकी त्यांची खात्री होत गेली. रानात मी बोलले ते खोटं दोनच वाक्यांचं होतं. ते गावानं पक्कं धरलं. खरं कुणी घेईना.

करडई बरी आली. हरभऱ्याला मर लागली आणि निम्मा तुकडा वाळून गेला. पण ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. आणि कडबा नाही म्हणजे उन्हाळ्यात जनावरापुढं टाकायला काही नाही. संक्रांतीनंतर तिनं दारातली म्हैस आणि तिची रेडी नणंदेच्या गावाला, कॅनॉलच्या बाजूला, पाठवून दिली. म्हैस नेताना मी तिथं नव्हते. शेजाऱ्यानं सांगितलं की ती वेशीपर्यंत दावं धरून गेली आणि येताना दावं तेवढं घेऊन आली. त्या हिवाळ्यात त्या घरी गेलं की म्हातारा कोरा चहा पीत बसलेला दिसायचा. मलाही तोच द्यायचे.

थोरल्या दिरानं शिमग्याला रानाचं विचारलं. सासरा म्हणाला, "एक साल म्हनलो हुतो मी तिला. ह्ये साल तिचं न्हवतं. तिचं साल अजून यायचंय." हे मला दिरानंच, थोडं चिडून, एसटीच्या वाटेवर सांगितलं. रान तिच्याकडंच राहिलं.

नवरा मे महिन्यात सुट्टीवर आला, तेव्हा एकदा वडूजला माझ्या कार्यालयात आला. उंच, केस बारीक कापलेले, बोलताना पाठ ताठ. मी घाबरले होते. तो म्हणाला, "पत्रात तिनं सगळं लिहिलं होतं. मी गरम झालो होतो, खोटं कशाला बोलू. पण तिनंच लिहिलं, जाऊन भांडू नका." आणि मग, "ती एवढी गप्प नव्हती, मॅडम. लोणंदहून आली तेव्हा दिवसभर बडबडायची. आता रानातनं आली की विचारल्याशिवाय बोलत नाही. हे तुम्हाला सांगावं वाटलं." चहा नको म्हणून तो उठून गेला. तो भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

लोणंदवाली माझ्या वर्गाला परत कधी आली नाही. अकराजणींतल्या पाच-सहा उरल्या, त्याही अधूनमधून. पण पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी मी गावातून जाताना तीन घरांच्या ओट्यावर ओली पोती गुंडाळून ठेवलेली दिसली. विचारलं तर म्हणाल्या, लोणंदवालीनं सांगितलं. तिनं ज्वारीचं बी म्हसवडकडच्या कुण्या पाहुण्याकडून करडईच्या बदल्यात आणलं होतं. त्या वर्षी तिचं पीक कमरेच्या वर गेलं. बांधावरून जाताना मी बघायचे. ती दिसली तर हात वर करायची, मीही करायचे. तेवढंच.

तिसऱ्या वर्षी माझी बदली सांगलीकडं, उसाच्या मुलखात झाली. घरी आनंद झाला. वडील म्हणाले, आता रोज घरचं जेवशील. जायच्या आधी मी पाचही गावांत निरोप घ्यायला फिरले. लोणंदवाली रानात कोळपणी करत होती. सासरा वर्षभरापूर्वी वारला होता. मी बांधावर उभी राहून बदलीचं सांगितलं.

तिनं कोळपं थांबवलं आणि पदरानं मान पुसली. "तिकडं रानं लय काळी, म्हनं."

"हो. आणि नदीचं पाणी."

"पानी लय असलं की मानसं रानाला लय देत्यात," ती म्हणाली. "बगून सांगा त्यास्नी."

मी हो म्हणाले. मला तिला पुष्कळ काही विचारायचं होतं. राग गेला का, असं काहीतरी. पण गेला असं ती म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला नसता, आणि नाही म्हणाली असती तर गाडीत बसवलं नसतं. म्हणून विचारलं नाही. तिनं गाठोड्यातून दोन भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या, वाटेत खा म्हणाली आणि बैलाला हाक दिली. मी रस्त्याला लागले. दोन मैल चालायचं होतं आणि ऊन चढायला लागलं होतं.